न वाजवता बेस गिटार मागवावी का?

कणकवलीहून एका कॉलेजातल्या मुलाचा प्रश्न आलाय. तीन वर्षं तो साधी गिटार वाजवतो. ग्रुपमधला बेसवाला नोकरीसाठी पुण्याला गेला आणि बेसची जबाबदारी याच्यावर आली. बजेट पंचवीस हजार, जवळपास बेस ठेवणारं दुकान नाही, हात लहान आहेत. हातात न घेता ऑनलाइन मागवली तर फसेन का, आणि काय बघून मागवू, असं तो विचारतो.

मागव. फसण्याची शक्यता आहे, पण ती तुला वाटते तिथे नाही.

मला बेस वाजवायला लागून चोवीस वर्षं झाली. ऑर्केस्ट्रा, लग्नं, गणपतीतले कार्यक्रम असं सगळं वाजवलं आणि गेली दहा-बारा वर्षं लोकांच्या गिटारींचं सेटअपही, म्हणजे तारांची उंची, नेकचा बाक आणि सूर नीट बसवून देण्याचं काम, करतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या नव्या गिटारींपैकी बऱ्याच अशाच न वाजवता मागवलेल्या असतात. तक्रारी ठरलेल्या: तारा फार उंच आहेत, फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खडखडतात, वरच्या फ्रेटवर सूर लागत नाही. हे तास-दीड तासात मिटतं. काही थोड्या गिटारी मात्र अशा येतात की त्यांचं काहीच करता येत नाही, आणि तोवर परत करायची मुदतही उलटून गेलेली असते. म्हणून आधी मनाशी एकच वेगळं काढ: नंतर दुरुस्त होणारं काय आणि कधीच न होणारं काय.

दुकानात जाऊन वाजवणारे लोकसुद्धा इथेच चुकतात. भिंतीवर सहा महिने लटकलेली गिटार खाली काढतात. तारा मेलेल्या, सेटअप झालेलं नाही. चार सूर वाजवून 'हिचा आवाज बसका आहे' म्हणून ठेवून देतात आणि शेजारची घेतात, कारण तिच्या तारा नव्या असतात. तारा बदलता येतात, त्यांची उंची बदलता येते, पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, वर-खाली करता येतो. या तिन्हींनी दुकानातलं मत बनतं आणि तिन्ही आठवड्याभरात बदलण्यासारख्या असतात. हातात घेतल्याने तू जितकं समजशील असं तुला वाटतंय, तितकं पहिलाच बेस घेणाऱ्या माणसाला समजत नाही.

मिरजेत तंबोरा घ्यायचा असता तर मी तुला सांगितलं असतं, गाडी पकड आणि कारागिराच्या समोर बसून घे. प्रत्येक भोपळा वेगळा, प्रत्येक घोडीची जवारी हाताने लावलेली. तिथे फोटो बघून काही कळणार नाही. बेस गिटारची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतल्या लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तो मुळात कारखान्यात भाग बनवून स्क्रूने जोडता यावा असाच. नेक (बोटं फिरतात ती लांब मान) वेगळा, बॉडी वेगळी, चार स्क्रूंनी जोडलेली. आज इंडोनेशियात किंवा चीनमध्ये संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कापलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत फरक असतो, पण तो दोन तंबोऱ्यांइतका नसतो. त्यामुळेच हे वाद्य न वाजवता मागवता येतं.

आता न बदलणाऱ्या गोष्टी. पहिली, स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरची घोडी) तारेची वाजणारी लांबी. बहुतेक बेसची ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. आखूड स्केलच्या बेसची ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. तुझ्या गिटारची साधारण २५.५ इंच. हात लहान असल्याची तुझी भीती याच आकड्यात अडकलेली आहे, आणि तिचं उत्तर तुला एक पैसा न खर्चता घरी मिळेल.

एक सरळ लाकडी पट्टी किंवा जाड काठी घे. एका टोकाला नट समजून रेघ मार. तिथून ४८.५, ९४, १३७ आणि १७८ मिलिमीटरवर खुणा कर. हे ३४ इंची बेसचे पहिले चार फ्रेट. काठीच्या दुसऱ्या बाजूला ४३, ८३, १२१ आणि १५७ वर खुणा कर, हे ३० इंचीचे. तुझ्या गिटारवर हेच चार फ्रेट १३४ मिलिमीटरमध्ये बसतात, म्हणजे लांब बेसवर तुला जवळजवळ साडेचार सेंटिमीटर जास्त पसरावं लागेल. आता ती काठी गिटारसारखी धर, नटची रेघ डाव्या हाताला जिथे येईल तिथे, कोपर अंगापासून सुटलेलं, आणि चार बोटं चार खुणांवर ठेवून बघ. अंगठा मागे, बोटांच्या मधोमध. मनगट मोडल्यासारखं वाकत असेल तर लगेच निराश होऊ नकोस. उभा डबल बेस वाजवणारे खालच्या भागात चार बोटांनी तीनच फ्रेटांएवढी जागा झाकतात: पहिलं बोट, दुसरं बोट, आणि तिसरं-चौथं मिळून एक. ही पद्धत बेस गिटारवर उत्तम चालते, मी स्वतः पाचव्या फ्रेटच्या खाली असाच वाजवतो. तसं करून बघ. बहुतेक लहान हातांना ३४ इंची बेस असा जमतो. एवढं करूनही दुखत असेल तर ३० इंची घे आणि त्याबद्दल कोणाचं काही ऐकून घेऊ नकोस. हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस ३० इंचीच आहे आणि त्याच्यावर जगातली मोठी गाणी वाजलेली आहेत. फरक पडतो तो खालच्या, म्हणजे सर्वात जाड, ई तारेत. तीच तार आखूड स्केलवर सैल असते, त्यामुळे आवाज जरा गोल आणि गुबगुबीत येतो, आणि जोरात ओढली तर सूर किंचित चढतो.

दुसरी गोष्ट वजन. बेस साधारण साडेतीन ते साडेचार किलोचा असतो. तुमचा कार्यक्रम दोन-अडीच तास चालत असेल. घरातली खांद्याला लावायची पिशवी घे, तिच्यात चार किलो तांदूळ घाल, एका खांद्यावर टाक आणि पाऊण तास उभा राहा. विशीत हे सहज जाईल. पण पाठीचा आधीच त्रास असेल तर वजन हा मॉडेलच्या नावापेक्षा मोठा प्रश्न आहे, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत अर्धा किलोचाही फरक निघू शकतो. म्हणून विक्रेत्याला त्याच नगाचं वजन करून सांगायला सांग.

तिसरी, नेकची रुंदी. जॅझ बेसची (हे फेंडरचंच दुसरं मॉडेल) नटपाशी ३८ मिलिमीटर, प्रिसिजनची बहुधा ४१ च्या पुढे. तीन मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, हातात खूप वाटतात. लहान हाताला ३८ सोयीचं पडतं. बेसच्या माहितीच्या पानावर 'नट विड्थ' लिहिलेली असते. रंगाआधी ती वाच.

लाकडाबद्दल भरपूर लिहिलेलं सापडेल. त्यात फार अडकू नकोस. एक मात्र सांगतो, कारण तू कोकणातला आहेस. फिंगरबोर्डला 'इंडियन रोझवूड' लिहिलेलं असतं ते आपलं शिसव. आणि स्वस्त मॉडेलवर 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं बघून लोक नाक मुरडतात, तो म्हणजे आपला ऐन. तुमच्याकडे जुन्या घरांच्या वाशांना तोच लागलेला आहे. टणक, टिकाऊ लाकूड आहे. लॉरेल म्हणून कुठला बेस नाकारू नकोस.

पिकअपबाबत माझं मत स्पष्ट आहे: पहिला बेस पी-जे घे. म्हणजे मधे प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप आणि ब्रिजपाशी जॅझचा. प्रिसिजनचा दुभागलेला पिकअप १९५७ पासून तसाच आहे आणि त्याची रचनाच विजेची गुणगुण मारणारी आहे. गावातल्या मंडपात अर्थिंग धड नसतं, जनरेटर चालू असतो, डोक्यावर एलईडीच्या माळा असतात. तिथे एकेरी कॉइलचा पिकअप एकटा चालू केलास की ५० हर्ट्झची गुणगुण गाण्याच्या वर ऐकू येते. पी पिकअपवर तुला शांतता मिळेल. यामाहा टीआरबीएक्स १७४, आयबानेझ जीएसआर २००, स्क्वायर अ‍ॅफिनिटीचा पी-जे, ही तिन्ही या रचनेची आहेत. यातली आयबानेझ खालचे सूर वाढवायला ९ व्होल्टची बॅटरी वापरते. जॅक लावून ठेवला की ती बॅटरी संपत राहते, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाड. मला विचारशील तर नवशिक्याला बॅटरी नसलेला बेस बरा. पाच तारांचा आता नको.

यूट्यूबवर या मॉडेलांचे व्हिडिओ बघशील. मोबाइलच्या स्पीकरवर बघू नकोस. बेसची उघडी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते आणि तो स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. तू ऐकतोस ते तिचे वरचे स्वरांश असतात. चांगला हेडफोन लाव, ड्रम-गिटारशिवाय नुसता बेस वाजवलेला व्हिडिओ शोध, आणि त्यातही समज की तारा नव्या आहेत, आवाजावर प्रक्रिया झालेली आहे आणि वाजवणाऱ्याची बोटं तुझी नाहीत.

आता खरी महत्त्वाची गोष्ट: घ्यायचं कोणाकडून. माझ्या लेखी हा निर्णय मॉडेलपेक्षा मोठा आहे. सगळं काही विकणाऱ्या मोठ्या साइटवर दोन हजार स्वस्त मिळेल, पण तिथे बेस गोदामातून निघून खोक्यातच तुझ्यापर्यंत येतो, मधे कोणी वाद्य ओळखणारा माणूस नसतो. त्यापेक्षा वाद्यांच्याच दुकानाच्या साइटवरून घे, मुंबईचं असो, पुण्याचं किंवा गोव्यातलं. पैसे भरण्याआधी फोन कर. विचार, 'पाठवण्याआधी खोका उघडून नेक सरळ आहे का बघाल का? वजन कराल का? त्याच नगाचा सीरियल नंबरसह फोटो पाठवाल का?' तिथला माणूस हो म्हणाला आणि त्याने खरंच फोटो पाठवले, तर ते दोन हजार वसूल झाले समज. त्याने टोलवाटोलवी केली तर बेस खराब निघाल्यावर तो कसा वागेल याचा नमुना तुला आधीच मिळाला.

परत करायच्या अटी वाचून त्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेव. मुदत किती दिवसांची, परतीचा वाहतूक खर्च कोणाचा, 'आवडली नाही' म्हणून घेतात की दोष असेल तरच. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार आल्यावर ४८ तासांत तिची पोच द्यावी लागते आणि महिन्याच्या आत निवारण करावं लागतं. कोणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण 'सदोष' हे तुला दाखवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी पहिले दोन दिवस फार मोलाचे आहेत.

हे मी सोसून शिकलो. सात-आठ वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी असाच न बघता एक बेस मागवला. सर्वात बारीक 'जी' तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर गुदमरत होता. मला सेटअप येतं, तेव्हा सवडीने करू म्हणून ठेवून दिला. मधे कार्यक्रमांची गडबड. तीन आठवड्यांनी हातात घेतला, ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवला, ब्रिज वर-खाली केला, काही उपयोग नाही. शेवटी बॉडीकडून नेकवर डोळा लावला तर नेक पिळलेला, ओल्या पट्टीला पीळ बसावा तसा. ट्रस रॉडने पुढे-मागे वाकलेला नेक सरळ होतो, पीळ जात नाही. परतीची मुदत दहा दिवसांची होती. तो बेस आजही माझ्याकडे पडून आहे, आणि तेव्हापासून कोणाचाही नवा बेस आला की मी आधी नेकवर डोळा लावतो, मग बाकी सगळं.

तर बेस आला की काय करायचं. खोका उघडण्यापासून एकच सलग व्हिडिओ काढायला कोणाला तरी सांग, खोक्यावरचं लेबल आणि चारी बाजू त्यात येऊ देत. खोका आणि आतला फोम टाकू नकोस. सर्वात आधी हेडस्टॉक (खुंट्या असतात ते टोक) जिथे नेकला मिळतो ती जागा मागून उजेडात बघ, वाहतुकीत गिटार मोडते ती बहुधा तिथेच, आणि केसाएवढी भेगही पुढे जाऊन तुटते. मग रात्रभर बेस खोलीत तसाच राहू दे. थंड गोदामातून किंवा एसीतून दमट कोकणात आलेलं लाकूड आहे, त्याला थोडा वेळ दे.

दुसऱ्या दिवशी सुरात लाव आणि बॉडीचं टोक डोळ्यापाशी धरून नेकच्या दोन्ही कडा बघ. थोडा बाक दिसला तर चालेल, तो मुद्दाम ठेवतात. पण दोन कडांचा बाक वेगवेगळा दिसला, एक चढते आणि दुसरी उतरते असं वाटलं, तर तो पीळ. पुढे काही न करता विक्रेत्याला कळव. बाक मोजायचा असेल तर ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकदम दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघ. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी हवी, ०.३ मिलिमीटरच्या आसपास. एटीएम कार्डाने मोजू नकोस, ते पाऊण मिलिमीटर जाड असतं.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजव. चार तारा, वीसेक फ्रेट, ऐंशी-नव्वद सूर, अर्धा तास लागेल. घाई करू नकोस, प्रत्येक सूर मरेपर्यंत ऐक. अँपशिवाय (आवाज मोठा करणाऱ्या पेटीशिवाय) ऐकू येणारी पण अँपमध्ये न येणारी हलकी खडखड दोष समजू नकोस. आपण तंबोऱ्यात जी जवारी मुद्दाम आणतो तिच्याच जातीची ती आहे, आणि तारा अर्धा मिलिमीटर उचलल्या की जाते. एखादा सूर दाबल्यावर पुढच्या फ्रेटचाच सूर वाजला तर मात्र फ्रेट उचललेला आहे, नोंद कर. 'जी' तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर शेजाऱ्यांपेक्षा लवकर मरताना आढळेल. स्क्रूने जोडलेल्या लांब नेकमध्ये हे बऱ्याचदा असतं, महागड्या बेसमध्येही. सूर दोन सेकंदात जात असेल तर परत कर, जरा कमी टिकत असेल तर नांदता येतं. फ्रेटची टोकं नेकच्या कडेवरून बोट फिरवून तपास. बोटाला खरवडत असतील तर घासून देता येतात, त्यासाठी परत पाठवू नकोस. शेवटी पट्ट्याने गळ्यात घालून दोन्ही हात सोड. हेडस्टॉक जमिनीकडे झुकत गेला तर तुझा डावा हात आयुष्यभर नेक उचलून धरणार. खरबरीत चामड्याच्या पट्ट्याने थोडं सावरतं, पूर्ण जात नाही.

परत करायचं की ठेवायचं हे ठरेपर्यंत ट्रस रॉडला हात लावू नकोस, नट घासू नकोस, प्लास्टिक काढू नकोस. ठेवायचं ठरलं की एकदा सेटअप करून घे. बाराव्या फ्रेटवर ई तार अडीच आणि जी दोन मिलिमीटरच्या आसपास आली की बेस तुझ्या हाताशी बोलायला लागेल, आणि आधीचा बेस हाच होता यावर तुझा विश्वास बसणार नाही.

पैशांचं म्हणशील तर पंचवीस हजार पूर्ण बेसवर घालू नकोस. सेटअप, तारांचा एक जादा संच, पट्टा, बऱ्या प्रतीची केबल, क्लिपचा ट्यूनर आणि हेडफोनवर सराव करता येईल असं काहीतरी यासाठी चार-पाच हजार बाजूला ठेव. गिटारचा छोटा अँप असेल तर घरात कमी आवाजावर त्याच्यावर वाजव, पण मोठा केलास तर त्याचा स्पीकर फाटेल. जुना बेस कोणी विकत असेल तर तो मात्र हातात घेऊनच घे, आणि न बघितलेल्या माणसाला 'बुकिंग'चे पैसे यूपीआयवर कधीच पाठवू नकोस.

अजून एक करता येईल. कणकवलीहून मडगावला थेट गाड्या आहेत. एखादा दिवस काढून तिथल्या किंवा पणजीच्या वाद्यांच्या दुकानात जा आणि कुठलाही एक ३४ इंची बेस दहा मिनिटं गळ्यात घाल. तो विकत घ्यायचा नाही, तुझ्या काठीवरच्या खुणा बरोबर होत्या का एवढंच बघायचं. हे मागवण्याआधी जमलं तर उत्तम, नाही जमलं तरी अडत नाही.

आणि बेस घरी रुळल्यावर बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. बेसच्या पिशवीत (गिग बॅगमध्ये) सिलिका जेलच्या दोन पुड्या टाक. जूनच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये ते व्हिजिटिंग कार्ड काढून फट मोजायची. पावसाळ्यात ती बदललेली दिसेल. ट्रस रॉड पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवायचा नाही, आणि घट्ट लागला तर जोर न लावता थांबून मला फोटो पाठव.